लाल्यानं कुणाला खाल्लं?

अकोल्याच्या जठारपेठेत चहाच्या टपरीवर नाटकाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला डॉ. काशिनाथ घाणेकर येतात. येणारच. २ मार्च १९८६ रोजी ते गेले ते इथून शंभरेक किलोमीटरवर, अमरावतीत, नाटकाच्या दौऱ्यावर असताना. मागच्या पिढीतल्या वऱ्हाडी प्रेक्षकाला तो मृत्यू आपल्या घरातला वाटतो. मग ठरलेला उसासा आणि ठरलेला निकाल: "लाल्यानं त्या माणसाले खाल्लं बाप्पा."

निकाल ऐकायला झकास आहे. त्यात भूत आहे, बळी आहे, वर थोडी कणवही आहे. हल्ली तो घाणेकरांपुरता उरलेला नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेलं पोरगं प्रयोगानंतर चार दिवस गप्प राहिलं की हाच निकाल. शिकवणीला आलेला मुलगा मोबाइलवर एखादं पात्र घेऊन रात्र-रात्र खेळतो, तिथंही हाच. भूमिकेत जास्त शिरू नये, शिरलं की माणूस बाहेर येत नाही, असं सांगणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक आळीत दोन-तीन तरी निघतात. त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे. त्यांचं म्हणणं मात्र साफ चुकीचं आहे.

आधी लाल्याचंच घेऊ. वसंत कानेटकरांचं 'अश्रूंची झाली फुले' १९६६ साली आलं, त्यात लाल्याची भूमिका घाणेकरांची. घाणेकर त्याआधीच 'रायगडाला जेव्हा जाग येते' मधल्या संभाजीनं गाजले होते. लाल्यानं त्यांना वेड लागावं इतकी लोकप्रियता दिली. पण त्याच नाटकात, त्याच रंगमंचावर, त्याच रात्री प्रभाकर पणशीकर प्राध्यापक विद्यानंद करत होते. सज्जन माणूस पुढे तुरुंगात जातो आणि सूडाला पेटतो, अशी ती भूमिका. लाल्यापेक्षा काकणभर जास्तच जाळणारी. आणि हेच पणशीकर १९६२ पासून 'तो मी नव्हेच' मधला लखोबा लोखंडे करत होते: नावं बदलणारा, वेष बदलणारा, बायकांना लग्नात फसवणारा, कोर्टात उभा राहून हसतहसत खोटं बोलणारा. हजारो प्रयोग. भूमिका जर माणसाला खात असेल तर पणशीकर पंतांचं काय उरायला हवं होतं? उरली ती 'नाट्यसंपदा' ही नावाजलेली संस्था आणि पंत हे आपुलकीचं नाव. निळू फुल्यांचं तर विचारूच नका. पडद्यावरचा त्यांचा पाटील बघून बायका बोटं मोडायच्या, आणि घरचा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला, सामाजिक चळवळीत पदरमोड करणारा.

म्हणजे एकाला खाल्लं आणि दुसऱ्याला सोडलं, असा हा भस्म्या आहे का? मग कारण भूमिकेत नसून दुसरीकडे कुठंतरी शोधायला हवं, एवढं तरी कबूल करा.

ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. घाणेकरांचं नाव जाहिरातीत आणि घोषणेत सगळ्यात शेवटी यायचं, आधी 'आणि' लावून. त्या 'आणि'साठी थिएटर थांबायचं. एन्ट्रीला शिट्ट्या, वाक्याआधी टाळ्या. नट दुसरं काही करायला गेला की खालून "लाल्या, लाल्या" म्हणून ओरडा. (हे ओरडणारेच पुढे टपरीवर बसून लाल्यानं माणूस खाल्ला म्हणतात, ही गंमत वेगळी.) पात्रातून बाहेर न येण्याचा हट्ट बऱ्याचदा खुर्चीतल्यांचा असतो. नट मेकअप उतरवतो, खोबरेल तेल लावून चेहरा पुसतो आणि माणसासारखा बाहेर येतो. दाराशी पन्नास जण त्याला परत आत ढकलायला उभे असतात. घाणेकरांच्या आयुष्यात आणखी काय काय होतं ते त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर यांनी 'नाथ हा माझा'मध्ये लिहून ठेवलं आहे, त्यावर २०१८ साली चित्रपटही आला. एक माणूस, त्याचे स्वभाव, त्याचे ताण, त्याच्या सवयी. ते वाचण्यापेक्षा 'लाल्यानं खाल्लं' म्हणणं सोपं. भूमिकेवर खापर फोडलं की माणसाकडे बघायचं काम वाचतं.

पूर्वपक्षाचं दुसरं म्हणणं जरा शहाणं आहे. ते म्हणतात, भूमिकेत शिरणं म्हणजे अंगात येणंच की! आपल्या मुलखात अंगात येणं कुणाला नवं नाही, त्यामुळे ही तुलना पटकन पटते. पण जरा जवळ जाऊन बघा. ज्याच्या अंगात येतं त्याला नंतर विचारलं तर काही आठवत नाही, निदान तसं तो सांगतो. नटाला सगळं आठवतं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्याला ठाऊक असतं की आणखी दोन वाक्यांनी डावीकडच्या विंगेतून मुलगी येणार आहे, आपण उजेडाच्या अर्धं पाऊल बाहेर उभे आहोत, मधल्या ओळीत कुणाचं तरी पोर रडतंय म्हणून आवाज थोडा चढवायला हवा. आणि उद्या रात्री हेच अश्रू ह्याच वाक्याला पुन्हा आणायचे आहेत. कुठल्या अंगात येणाऱ्याला ही शिस्त असते?

भरतमुनींनी हे कोडं केव्हाच हातात घेतलं आहे. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात सात्त्विक भाव येतात: घाम, रोमांच, कंप, अश्रू, आवाज फुटणं असे आठ. तिथं प्रश्न असा आहे की ज्याला दुःख झालेलंच नाही त्यानं दुःखाचे अश्रू आणायचे कुठून? उत्तर येतं की मन एकाग्र, समाहित झालं की त्यातून सत्त्व निर्माण होतं. बेभान मनातून नव्हे, एकाग्र मनातून. देवघरातल्या पोथीइतक्या जुन्या या ग्रंथात इतकी स्वच्छ गोष्ट लिहिलेली असताना आपण अजून लिंबू-मिरचीच्या भाषेत अभिनयाबद्दल बोलतो.

मात्र इथं दुसऱ्या टोकाची मंडळी टाळ्या वाजवायला लागतात, आणि मला त्यांच्याशीही भांडायचं आहे. ही मंडळी शिकलेली असतात. त्यांना फ्रेंच विचारवंत दिदरो माहीत असतो. श्रेष्ठ नट आतून थंड असतो, जितका कमी भावनाविवश तितका चांगला, असं त्यानं अठराव्या शतकात मांडलं. आपल्याकडचा दाखला म्हणून ते डॉ. श्रीराम लागूंना पुढे करतात. लागूंनी आत्मचरित्राला 'लमाण' नाव दिलं. नट म्हणजे इकडचा माल तिकडे पोचवणारा, असा त्यामागचा भाव. बघा, म्हणतात, खुद्द लागू सांगतात की नट नुसता वाहक आहे. गुंतणं-बिंतणं हा हौशी लोकांचा नाटकीपणा.

लागूंचा बुद्धिवाद मला मान्य आहे, त्यांचा विनय मात्र मी जसाच्या तसा घ्यायला तयार नाही. कान-नाक-घशाचे निष्णात शल्यचिकित्सक असलेला हा माणूस चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली, चालता व्यवसाय सोडून पूर्णवेळ नाटकात आला आणि पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, 'नटसम्राट'मधला गणपतराव बेलवलकर म्हणून उभा राहिला. दुसऱ्याचा माल वाहण्यासाठी कुणी एवढं सोडत नाही. आणि माल जर बांधलेलाच असतो, तर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी वाहिलेले बेलवलकर एकसारखे का नव्हते? संहिता तीच, शब्द तेच. फरक होता तो वाहणाऱ्यानं वाटेत गाठोड्यात काय घातलं त्याचा.

काय घातलं जातं ते मी आमच्याच भागातल्या एका तालमीत पाहिलं आहे. शाळेचा हॉल, बाकं भिंतीला लावलेली, वर एकच पंखा, तोही आवाज करतो म्हणून बंद. पतसंस्थेत रोखपाल असलेले एक गृहस्थ विधुर बापाची भूमिका करत होते. संहितेत सूचना होती तीन शब्दांची: 'तो चहा पितो.' पहिले कितीतरी दिवस ते चहा पीत होते, म्हणजे रिकामा कप तोंडाला लावत होते. एका संध्याकाळी त्यांनी चहा बशीत ओतला, अर्धाच. फुंकर घालून प्यायला. आणि उरलेला अर्धा कप, कुणी सांगितलेलं नसताना, टेबलाच्या पलीकडे रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला. हॉलमध्ये कुणी बोललं नाही. दिग्दर्शकानं नंतर विचारलं तर म्हणाले, "आमची माय गेल्यावर बुवा असेच करत. साल-दीड साल. मले आज एकदम आठवलं."

पुढचं ऐका, कारण भावनेच्या भक्तांना एवढ्यावरच थांबायला आवडतं. दुसऱ्या दिवसापासून त्या अर्ध्या कपावर रीतसर काम सुरू झालं. कप सरकवताना बशीचा किणकिणाट होत होता आणि त्यात मुलाचं वाक्य बुडत होतं. मग बशीखाली फडक्याची घडी आली. सरकवणं वाक्याच्या आधी की नंतर, यावर वाद झाला, नंतर ठरलं. हात किती लांबवायचा म्हणजे मागच्या रांगेला दिसेल, तेही ठरलं. बापाची आठवण होती म्हणून तो क्षण मिळाला, आणि फडक्याची घडी होती म्हणून तो टिकला. यातलं तंत्र कुठलं आणि गुंतणं कुठलं, हे ज्याला वेगळं करता येईल त्यानं खुशाल करावं.

आता सांगा, तो माणूस त्या भूमिकेवर जीव लावणार नाही तर काय करणार? त्यात त्याचा बाप आहे. लेखकाला जो ठाऊक नव्हता, दिग्दर्शकानं जो पाहिलेला नव्हता, तो त्यानं स्वतःच्या घरातून आणून तिथं बसवला आहे. भूमिका त्याच्यात शिरली म्हणणाऱ्यांनी दिशाच उलटी धरली, शिरला तो. माणूस जिथं स्वतःचं काही ठेवून येतो तिथं त्याचा पाय अडखळतो, हा आजार नाही. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिकत आपण पिढ्यान्‌पिढ्या कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून सांगतो. मला त्यात वेगळं काही दिसतं. श्रीमंत, मानी, लाडक्या लेकीची ती भूमिका. एखाद्या नटाला त्या रात्री घरापेक्षा रंगमंचच सोसवला असेल. खात्रीनं सांगता येणार नाही, पण 'भूमिका माणसाला खाते' याच्या बरोबर उलट शक्यता आहे ही, आणि तिचा विचार कुणी करत नाही.

मोबाइलवर पात्रं घेऊन खेळणाऱ्या मुलांचा उल्लेख वर केला. पात्र निवडायचं, त्याला नाव, स्वभाव, भूतकाळ द्यायचा आणि चारचौघांत त्या पात्राच्या तोंडून बोलायचं, हा खेळ अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावानं कागद-फाशांवर सुरू झाला. १९७९ साली मिशिगनमधल्या विद्यापीठातून एक सोळा वर्षांचा हुशार विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी ठरवून टाकलं की तो खेळातलं पात्र बनून विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला. त्यावरून कादंबरी निघाली, १९८२ साली चित्रपट निघाला, आईबापांच्या मोहिमा निघाल्या. मुलगा तर त्याआधीच सापडला होता, आणि खेळाचा त्यात काही हात नव्हता. वयाच्या मानानं फार लवकर कॉलेजात घातलेलं पोर, एकटेपणा, घरच्या अपेक्षा. अकोल्याच्या वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटायला हरकत नाही. नीट-जेईईच्या शिकवण्यांसाठी गावोगावची मुलं इथं खोल्या घेऊन राहतात. त्यातलं एखादं दिवसभर रोल नंबर असतं आणि रात्री तासभर कुणीतरी शूर, बोलकं, चार मित्रांचं लाडकं असतं. ते पात्र त्याच्या हातून काढून घेण्याआधी दिवसाकडे एकदा बघावं. तासांचा हिशोब जरूर ठेवा, झोपेची शिस्तही लावा. पण त्या पात्रावर त्याचा जीव का जडला, हे त्याला विचारलं तर स्वतःबद्दल जे तो एरवी सांगणार नाही ते पात्राबद्दल बोलता बोलता सांगून जाईल.

राहिले आमचे रोखपाल. त्यांचा प्रयोग झाला, चांगला झाला, आणि पुढचा आठवडाभर ते गप्प होते. कट्ट्यावर चेष्टा सुरू: "काहून बे, म्हातारा अजून उतरला नाही का?" मला विचाराल तर म्हातारा उतरत नव्हता याचं कारण वेगळंच होतं. व्यावसायिक नटाला भूमिका शेकडो रात्री मिळते. ती मुरते, झिजते, कधीकधी तिचा कंटाळाही येतो, आणि त्या कंटाळ्यातूनच तो सुखरूप बाहेर पडतो. हौशी नटाचं तसं नाही. कामावरून सुटून दोन-दोन महिने तालीम, आणि स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत प्रयोग एक. निकालात नाव आलं तर अंतिम फेरीत आणखी एकदा, नाही तर नेपथ्य ट्रकमध्ये आणि कपडेपट परत. बाप त्या खुर्चीत जेमतेम बसला आणि उठवला गेला. गप्प बसायला एवढं पुरतं. त्याला भुताखेताची गरज नाही.

तेव्हा ज्यांना आमच्या नटांच्या डोक्याची फार काळजी वाटते, त्यांनी एक करावं. स्पर्धेपलीकडे दुसरा, तिसरा, पाचवा प्रयोग लावायला मदत करावी. गणपतीत ऑर्केस्ट्रावर उडणाऱ्या वर्गणीतून एका नाटकाचा खर्च सहज निघतो. आणि फुकट पास न मागता तिकीट काढून यावं, जमलं तर पुढच्या रांगेत बसावं. बशीखालची फडक्याची घडी तिथून दिसते.