इंग्रजीची सुरुवात सहलीच्या गप्पांपासून करू या

आपल्याकडे इंग्रजीबद्दल दोन प्रकारची भाषणं ऐकायला मिळतात. पहिलं म्हणजे, इंग्रजी आली नाही तर तुमचं काही खरं नाही. दुसरं म्हणजे, इंग्रजीनं आपली भाषा आणि तहजीब बुडवली. दोन्ही भाषणं ऐकून पोरगा घरी येतो आणि एक वाक्य बोलायची वेळ आली की गप्प बसतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं होतं. आपण दूध विसरलो आणि वाघिणीला तेवढं घाबरत राहिलो.

माझं म्हणणं साधं आहे. इंग्रजी बोलायला शिकायचं असेल तर प्रवास आणि सुट्टी या विषयांवरच्या रोजच्या गप्पांपासून सुरुवात करावी. आणि मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याच्या तरुणांना त्यासाठी शहरातल्या क्लासची फी भरायची गरज नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. दहा वर्षांत एवढी भाषा यायला हवी की समोरच्याची चौकशी करता यावी. ती येत नाही, कारण या दहा वर्षांत आपण इंग्रजी लिहितो, पाठ करतो, पण बोलत नाही. चूक झाली की मार्क जातात, हे डोक्यात इतकं पक्कं बसतं की तोंड उघडायच्या आधीच आपण स्वतःचा पेपर तपासायला लागतो.

मी मराठी माध्यमातून शिकून इंजिनियर झालो. नोकरी लागली तेव्हा कामाची इंग्रजी मला येत होती. कोड वाचता येत होता, ईमेल लिहिता येत होती. अडचण व्हायची ती सोमवारी सकाळी. मीटिंग सुरू होण्याआधीची पाच मिनिटं. ‘हाऊ वॉज युवर वीकेंड?’ या प्रश्नावर बाकीचे मोकळेपणानं बोलायचे. कुठे गेलो, काय खाल्लं, ट्रॅफिक किती लागलं. मी ‘गुड’ म्हणून थांबायचो. ओळखी त्या पाच मिनिटांत होतात, आणि पुढे कोणावर कोणतं काम सोपवायचं हेही बऱ्याचदा त्या ओळखींवर ठरतं. मला व्याकरण कमी पडत नव्हतं. साध्या गप्पांची सवय नव्हती.

प्रवासाचाच विषय का? कारण तो प्रत्येकाकडे असतो. कोणी ईदला मुंबईहून गावी येतो, कोणाचा भाऊ दुबईहून दोन महिन्यांच्या रजेवर येतो, कोणी मे महिन्यात मावशीकडे सावंतवाडीला जातो. सांगायला काहीच नाही असं कोणी म्हणू शकत नाही. शिवाय सगळं व्याकरण त्यात आपोआप येतं. कुठे गेला होतात म्हटलं की भूतकाळ, पुढच्या सुट्टीत काय करणार म्हटलं की भविष्यकाळ. भाडं विचारलं की आकडे, रस्ता सांगितला की डावं-उजवं. आणि ‘खोली स्वच्छ नव्हती’ हे समोरच्याला न दुखावता सांगायचं, तर तिथे भाषेची खरी कसोटी लागते.

आता मालवणचं बघा. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्लीत लोक स्कूबा डायव्हिंगला येतात, देवबागात घरोघरी न्याहारी-निवास आहे. कोणी म्हणेल, येणारे बहुतेक पाहुणे पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-बेळगावचे. त्यांच्याशी मराठी-हिंदीत भागतं, इंग्रजी कशाला? बरोबर आहे, भागतं. पण ज्याला हिंदी धड येत नाही असा बंगळूरू-चेन्नईचा पाहुणाही येतो, परदेशी माणूसही येतो. खोलीचं बुकिंग, पाहुण्यांचे मेसेज, त्यांनी लिहिलेले अभिप्राय यांत इंग्रजी असतेच. ते काम ज्याला जमतं तो मालकाशेजारी काउंटरवर बसतो. ज्याला जमत नाही तो बॅगा उचलतो. गाव आपलं, किनारा आपला, आणि काउंटरवर बाहेरचा माणूस, हे चित्र मला बोचतं.

काही गोष्टी तर जिवाशी येतात. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्याचा दोष मी भाषेला देत नाही. पण लाइफ जॅकेट कसं बांधायचं, बोटीत कुठे उभं राहायचं नाही, आज दर्या खवळलाय म्हणून जाता येणार नाही, ही पाच-सहा वाक्यं प्रत्येक होडीवाल्याला पाहुण्याच्या भाषेत ठणकावून सांगता आली पाहिजेत.

घरातल्या बायकांसाठी तर स्वयंपाकघर हीच शाळा आहे. तिरफळ म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगून बघा. तयार शब्द मिळत नाही. मग सांगावं लागतं, हा मसाला आहे, मिरीसारखा दिसतो, जिभेला झिणझिण्या आणतो, माशाच्या आमटीत घालतो. ही चार वाक्यं जिला जुळवता आली तिला इंग्रजी यायला लागली. सोलकढी, सांदणं, खापरोळी, प्रत्येक पदार्थ हा एकेक धडा आहे.

आणि किल्ला. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्याही चारी बाजूंनी खारं पाणी असताना. पाहुण्याला ही गोष्ट इंग्रजीत सांगणारा मुलगा पुढे असंही सांगू शकतो की, शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा अधिकारी होता आणि 1679 मध्ये खांदेरीला तो इंग्रजांविरुद्ध लढला. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असा प्रश्न आपल्या नावामुळे आपल्याला जरा जास्तच वेळा विचारला जातो. त्याला चिडून उत्तर देण्यापेक्षा हा इतिहास शांतपणे, चांगल्या इंग्रजीत सांगणं मला अधिक परिणामकारक वाटतं. आपली गोष्ट आपण सांगितली नाही तर दुसरं कोणीतरी सांगतं, आणि स्वतःच्या सोयीनं सांगतं.

इंग्रजी बोललो तर आपण आपले राहणार नाही, ही भीतीही सोडायला हवी. मान्सून हा शब्द अरबी ‘मौसम’वरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. सफारी ‘सफर’वरून आला. हॉटेलच्या दरपत्रकावरचा टॅरिफसुद्धा मूळचा अरबी, आपल्या ‘तारीफ’चा भाऊबंद. खलाशी आणि व्यापारी बंदरोबंदरी गप्पा मारत गेले, म्हणून हे शब्द इतक्या लांब पोहोचले. त्या खलाशांना व्याकरण कोणी शिकवलं होतं?

आता कामाचं बोलू. 1 जून ते 31 जुलै समुद्रात मासेमारी बंद असते. किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. म्हणजे हातात 61 दिवस आहेत. रोज अर्धा तास धरला तरी तीस तास होतात. मोहल्ल्यातल्या वाचनालयात, जमातीच्या हॉलमध्ये किंवा कोणाच्या पडवीत सहा-सात जणांनी बसावं. एकानं पाहुणा व्हायचं, दुसऱ्यानं होडीवाला, तिसऱ्यानं खोलीची मालकीण. आठवड्याला एक विषय. पहिल्या आठवड्यात फक्त ‘कुठून आलात, किती दिवस आहात’. मग जेवण, मग भाडं, मग किल्ला, मग तक्रार. दोनच नियम पाळायचे. मध्येच कोणाची चूक काढायची नाही आणि कोणी हसायचं नाही. चुका शेवटच्या पाच मिनिटांत बघायच्या. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या गाववाल्यांनी आठवड्यातून एकदा फोनवरून यात सामील व्हावं. मी तयार आहे.

एक आग्रह मात्र आहे. या बैठकीत बहिणी असल्याच पाहिजेत. घरी पाहुणे उतरतात तेव्हा सगळं काम त्याच करतात, आणि बोलायची वेळ आली की पुढे दादा येतो. ते याच पावसाळ्यापासून बदलू या. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात जातील, पाहुणे यायला लागतील. त्यांच्याशी पहिलं वाक्य आपल्या पोरींनी बोलावं.