गाडी बसू द्या, बसवू नका

जुनी गाडी दुरुस्त होऊन घरी आली की लोक इंजिनाबद्दल विचारतील अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात पहिला प्रश्न येतो तो असा : "अरे, एवढी उंच का दिसतेय?"

आमच्याकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतली, बाबांनी चालवली आणि पुढे कित्येक वर्षे ती अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या वर्षी बाबांनी बाजूला टाकलेली सगळी पुंजी तिच्यावर लावली. पत्रा, रंग, इंजिन, खालचे सारे रबर आणि स्प्रिंगा, सगळे नवे झाले. गाडी दारात आली ती मात्र चिखलातून धोतर वर धरून निघालेल्या गृहस्थासारखी! बाबांनी एक फेरी मारली, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही आपली गाडी वाटत नाही." त्यानंतर तीन आठवडे त्यांनी किल्लीला हात लावला नाही.

मिस्त्रींकडे उपाय तयारच होता. "पुढच्या स्प्रिंगचा एकेक वेढा उडवतो, मागचा एकेक पाटा काढतो. संध्याकाळपर्यंत गाडी बसेल." माझे या लेखातले म्हणणे एवढेच आहे, की असा उपाय करू नये. मी कला शाखेचा विद्यार्थी असलो तरी हे म्हणायला फारशी यंत्रविद्या लागत नाही.

पद्मिनी ही मुळात इटलीच्या फियाट ११०० गाडीची भारतीय आवृत्ती. पुढे वेढ्यांच्या स्प्रिंगा, मागे पाटे. वेढ्यांच्या स्प्रिंगचा ताठरपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा आठ वेढे काम करीत असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के अधिक कडक होते. म्हणजे गाडी खाली येते, पण प्रत्येक खड्डा अधिक जोराने कमरेत येतो. शिवाय खाली दबायला जागाही कमी उरते. गॅसने कापली तर तिथल्या पोलादाचे पाणी उतरते ते वेगळेच. पाटा काढला तर त्याच्या वाट्याचा भार उरलेल्या पाट्यांवर पडतो. आणि कापलेला वेढा काही परत जोडता येत नाही. हा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो.

मग गाडी उंच का होती? आम्ही, म्हणजे मी आणि काका, टेप घेऊन बसलो. जमिनीपासून मोजण्यात अर्थ नसतो, कारण टायर बदलला की आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंत मोजायचे. मोजता मोजता लक्षात आले, की मागचे सीट अजून गादीवाल्याकडेच आहे, स्टेपनी बाहेर आहे आणि टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल आहे. अर्ध्या संसाराचे ओझे उतरवून ठेवलेली गाडी उंच दिसणार नाही तर काय!

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक निघाली. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांचे नट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना आवळले होते. गाडी खाली उतरली की ते रबर पिळले जाते आणि पूर्वस्थितीला जाण्याच्या हट्टाने गाडीला वर ढकलत राहते. आम्ही सीट बसवले, टाकी भरली, नट ढिले केले, गाडी चार-सहा वेळा दाबून हलवली आणि चाकांवर भार असतानाच ते पुन्हा आवळले. मागची उंची तिथल्या तिथे तीन सेंटिमीटरने कमी झाली.

तरीही बाबांचे समाधान होईना. त्यांनी आल्बम काढला. १९९४ सालचा फोटो : गणपतीला कोकणात निघालेली गाडी, मागचा भाग जमिनीला टेकायच्या बेतात. "ही बघ खरी उंची!" मी फोटो नीट पाहिला. आत सहा माणसे, टपावर वळकट्या, डिकी दोरीने बांधलेली. घरातल्या सगळ्यांनी भरलेल्या गाडीची उंची खरी मानून मनात जपली होती. आपल्या सर्वांचेच असे झाले आहे. पद्मिनी आपण पाहिली ती बहुधा टॅक्सी म्हणून, कॅरियरवर सामान लादलेली, पाटे बसलेली. मुंबईतून ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. डोळ्यांत राहिली ती तिची थकलेली ठेवण. कारखान्यातून निघालेली कोरी पद्मिनी आमच्या पिढीने पाहिलेलीच नाही.

कुणी म्हणेल, गाडी ज्याची, उंचीही त्याच्या आवडीची. मान्य आहे. पण आवड पुरवायची तर सामान भरून पुरवावी, करवतीने नव्हे.

शेवटी रविवारी बाबांना, आईला आणि आत्याला मागे बसवले, डिकीत तांदळाचे पोते टाकले आणि काकांनी गाडी घाटापर्यंत नेऊन आणली. परतल्यावर बाबा उतरले, चार पावले मागे गेले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग पोते काढायला त्यांनी मनाई केली. ते अजून डिकीतच आहे. पाचशे किलोमीटर झाले, की पोते काढून पुन्हा मोजणार आहोत आणि चाकांचे अलाइनमेंट व दिव्यांचा रोख त्यानंतरच लावून घेणार आहोत. आज दुपारपर्यंत २१२ झाले आहेत. किल्ली बाबांच्या खिशात असते.