घर आणि विद्यार्थी : पाणी जोखण्याची विद्या

वऱ्हाडात चैत्र सरत आला, की माठ बाहेर निघतात, दुपारची दारे लोटली जातात, आणि ज्या घरी महाविद्यालयात जाणारे मूल आहे त्या घरात परीक्षेचे वारे वाहू लागते. आजोबा दूरचित्रवाणीचा आवाज कमी करतात, आजी देवापुढे एक वात अधिक लावते, आणि आईवडील येताजाता एकच प्रश्न विचारतात, ‘किती झाले?’ अमुक पाने झाली, अमुक राहिली, असे उत्तर मिळाले म्हणजे सर्वांचे समाधान होते. इतिहासाच्या किंवा व्याकरणाच्या अभ्यासास हा हिशेब कदाचित पुरतही असेल. परंतु विज्ञानशाखेत विश्लेषण रसायनशास्त्र म्हणून जो एक विषय आहे, त्याची तयारी पानांच्या संख्येवरून मोजणे फसवे असते. ते का, आणि ह्या तयारीत घराचा वाटा कोणता, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

आमच्या भागास हा विषय नवा नाही. अमरावतीस १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था ह्या नावाने उभे आहे. १ मे १९८३ रोजी अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर येथील पदवीपरीक्षेचा नागपूरशी असलेला संबंध सुटला. आज संत गाडगे बाबांचे नाव धारण करणाऱ्या ह्या विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम अशा पाच जिल्ह्यांतील विद्यार्थी आहेत. ह्यांपैकी रसायनशास्त्र घेणाऱ्या प्रत्येकास कधी ना कधी ब्युरेट हातात धरून एखाद्या पदार्थात काय आहे आणि किती आहे, हे सांगावे लागते. एखाद्या माणसाची योग्यता अजमावण्यास आपण ‘त्याचे पाणी जोखले’ असे म्हणतो. विश्लेषण रसायनशास्त्र शिकणारा विद्यार्थी अक्षरशः पाणी जोखण्यासच शिकत असतो.

आणि जोखण्याजोगे पाणी आमच्या दाराशीच आहे. सातपुड्याच्या दक्षिणेस पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस जो खारपाणपट्टा पसरला आहे, तो अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भरतो. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर ह्या तालुक्यांतील वाचकांस त्याचे वर्णन आम्ही सांगण्याची गरज नाही. विहिरीस पाणी आहे, परंतु ते तोंडात धरवत नाही. साबणास फेस येत नाही. कित्येक ठिकाणी तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर राहिली तरी दाणा टिचून राहतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे क्षार डाळीच्या पेशी सांधणाऱ्या पेक्टिन नामक द्रव्यास घट्ट धरून ठेवतात, म्हणून ती मऊ होत नाही. आमच्या आज्या वरणाचे पाणी वेगळे आणवीत, किंवा डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकीत. त्यांस रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु पाण्यापाण्यातील भेद त्या निश्चित ओळखीत. तो भेद आकड्यात सांगणे हे त्यांच्या नातवंडांचे काम आहे.

तो आकडा काढण्याची रीत फार जुनी नाही. झूरिच येथील गेरोल्ड श्वार्झेनबाख ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ च्या सुमारास ईडीटीए नामक द्रव्याचा उपयोग करून पाण्याचा कठीणपणा मोजण्याची पद्धत प्रचारात आणिली, आणि आज जगातील बहुतेक महाविद्यालयांत हा प्रयोग विद्यार्थ्याच्या वाट्यास येतो. पन्नास मिलिलिटर पाणी चंबूत घ्यावयाचे, अमोनियायुक्त बफर द्रावण घालून त्याचा सामू १० च्या जवळ आणावयाचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकावयाचा, आणि ब्युरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडावयाचे. आरंभी पाणी द्राक्षासवासारखे तांबडे दिसते. ईडीटीए कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांस एकेक करून आपल्याकडे ओढून घेते. शेवटचा कण सुटला, की दर्शक मोकळा होतो आणि द्रावण स्वच्छ निळे होते.

परीक्षेसाठी ही कृती पाठ करणारे पुष्कळ असतात. परंतु परीक्षक कृतीत एक लहानसा फेर करून विचारतो, ‘सामू दहाच का?’ आणि पाठांतर तेथेच संपते. सामू पुष्कळ उतरला, तर ईडीटीए धातूस घट्ट धरीत नाही, तो बाराच्या वर गेला, तर मॅग्नेशियम अवक्षेपाच्या रूपाने खाली बसते व मोजणीतून निसटते, म्हणून दहा. हे ज्यास एकदा समजले त्यास पाठ करावे लागत नाही. ह्याकरिता आमची सूचना अशी, की अभ्यासक्रमातील प्रत्येक पद्धतीस विद्यार्थ्याने पाच प्रश्न विचारावेत : येथे काय मोजले जाते? कोणती क्रिया घडते? हीच परिस्थिती का लागते? क्रिया संपली हे कशावरून कळते? आणि कोणत्या गोष्टीने उत्तर बिघडेल? पाचही उत्तरे वही न पाहता देता आली, तरच ती पद्धत ‘झाली’ असे समजावे.

ह्या पाच प्रश्नांतील पहिलाच प्रश्न खारपाणपट्ट्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. पाण्याचा खारेपणा आणि कठीणपणा ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. सोडियमचे क्षार पाण्यास खारट करतात, परंतु ईडीटीए त्यांची दखल घेत नाही. तेव्हा कठीणपणा बेताचा निघाला म्हणून विहिरीचे पाणी गोड, असे अनुमान काढणारा विद्यार्थी चुकला. क्लोराइड मोजण्यासाठी मोर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत आहे. तीत सिल्व्हर नायट्रेट वापरतात व पोटॅशियम क्रोमेट हा दर्शक असतो. पाण्यातील क्लोराइड संपताच विटकरी रंग उमटतो. एका चाचणीने एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते, हे ध्यानी धरले म्हणजे अर्धा विषय हाती आला असे समजण्यास हरकत नाही.

आता गणिताकडे वळू. पुष्कळ मुले ह्या विषयातील सूत्रांस भितात. वस्तुतः येथील हिशेब बाजारहाटाच्या हिशेबाहून कठीण नाही. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा, एवढे एक नाते लक्षात ठेवावे. समजा, पन्नास मिलिलिटर पाण्यास ३०.४ मिलिलिटर ईडीटीए लागले. म्हणजे पन्नास मिलिलिटरांत ३०.४ मिलिग्रॅम, एका लिटरात त्याच्या वीसपट, अर्थात ६०८ मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा दर लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे हे पाणी मर्यादेबाहेरचे झाले. उत्तर लिहिताना ६०८.३७ असे दशांश वाढवू नयेत. साधी ब्युरेट एक दशांश मिलिलिटरापर्यंतच वाचता येते, आणि जे दिसले त्याहून अधिक आपल्यास कळले असा आव आणणे ह्या शास्त्रास मान्य नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेत हाताची परीक्षा असते, आणि आमच्याकडील उन्हाळा तीत भर घालतो. अकोल्यास पारा चव्वेचाळिसापर्यंत चढतो तेव्हा अमोनियाच्या बाटलीचे बूच उघडे राहिले, तर अमोनिया उडून जातो, बफर दुबळे पडते आणि तांबड्याचा निळा होण्याऐवजी मध्येच एक मळकट जांभळा रंग रेंगाळत राहतो. सत्तावीस अंशांवर बरोबर एक लिटर केलेले द्रावण चाळीस अंशांवर सुमारे चार मिलिलिटरांनी फुगते, म्हणजे तितके ते पातळ होते. म्हणून प्रमाण द्रावण आणि पाण्याचा नमुना दोन्ही एकाच तापमानास येऊ द्यावीत, आणि ईडीटीएची शक्ती त्याच दिवशी, त्याच खोलीत तपासून घ्यावी. ब्युरेट वाचताना डोळा द्रावणाच्या पातळीस आणावा. शेवटचे थेंब एकेक करून सोडावेत. लागोपाठ दोन-तीन वाचने एक दशांशाच्या आत जुळेपर्यंत प्रयोग पुन्हा करावा.

परंतु वाचने जुळली म्हणजे ती खरी ठरली, असे मात्र नव्हे. वाण्याच्या तराजूस पासंग असेल, तर त्यावर दहा वेळा जोखलेला गूळ दहाही वेळा सारखाच भरतो, आणि दहाही वेळा चुकीचा भरतो. तद्वत ईडीटीएचे द्रावण मुळातच सदोष असेल, तर तिन्ही वाचने एकसारखी येऊनही उत्तर खोटे ठरेल. ह्याचा उपाय म्हणजे ज्यातील कॅल्शियम आपल्यास अगोदरच ठाऊक आहे असे द्रावण त्याच ईडीटीएने मोजून पाहणे, आणि नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यावरही एक प्रयोग करणे. एकसारखेपणा आणि अचूकता ह्यांतील हा भेद तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो. पासंगाचे उदाहरण ध्यानात ठेविले तर उत्तर अडणार नाही.

येथवर अभ्यासाविषयी झाले. आता ज्या गोष्टीकरिता हा लेख मुख्यतः लिहिला आहे तिच्याकडे येतो. वरील उदाहरणातील मुलीस ३०.४ हे वाचन मिळाले. शेजारच्या मुलास २९.९ मिळाले, आणि तो वर्गात हुशार म्हणून प्रसिद्ध आहे. परीक्षेची वेळ संपत आली आहे. अशा वेळी वहीत ३०.४ खोडून २९.९ लिहिण्याचा मोह किती मुलांस होत असेल! अर्धाच मिलिलिटर तो काय! परंतु २९.९ ची वीसपट ५९८ होते. सहाशेच्या बाहेरचे पाणी त्या अर्ध्या मिलिलिटराने सहाशेच्या आत आले. परीक्षेच्या चंबूतील पाणी कोणी पिणार नाही हे खरे. तथापि हीच मुलगी उद्या एखाद्या प्रयोगशाळेत बसेल, तिच्यापुढे पूर्णाकाठच्या विहिरीची बाटली येईल, आणि ह्या पाण्याची परवानगी द्यावयाची की दूरच्या धरणावरून नळ आणावयाचा, ह्याचा निर्णय तिने लिहिलेल्या आकड्यावर होईल. त्या दिवशी खरा आकडा लिहिण्याची सवय तिला आयत्या वेळी लागणार नाही. ती आज लागली पाहिजे.

आणि हा मोह मुलांच्या मनात उपजतो कोठून, ह्याचा विचार वडील मंडळींनी करावा. घरात रात्रंदिवस गुणांचीच भाषा चालत असेल, चुलतभावाच्या टक्केवारीचा दाखला जेवणाच्या पंगतीत उठत असेल, तर अपेक्षेप्रमाणे न आलेले उत्तर मुलास अपराधासारखे वाटू लागते, आणि अपराध झाकणे हा मनुष्यस्वभावच आहे. म्हणून आमची विनंती आहे, की प्रात्यक्षिकाहून परतलेल्या मुलास ‘उत्तर बरोबर आले का?’ असे दारातच न विचारता ‘आज काय पाहिलेस?’ असे विचारावे. वाचने जुळली नाहीत असे त्याने सांगितले, तर ‘मग कारण काय सापडले?’ एवढेच म्हणावे. उत्तर चुकले तरी कारण शोधता आले, तर विद्या आली.

एकत्र कुटुंबाजवळ ह्या कामी आणखीही साधने आहेत. विद्यार्थिनी ही घरची सून असेल, तर परीक्षेच्या पंधरवड्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक जावांनी आपसांत वाटून घ्यावा, आणि हे उपकार म्हणून बोलून दाखवू नये. मुलगा असो की मुलगी, रात्री जागरण करू देऊ नये. झोपेने जड झालेल्या डोळ्यास तांबडा कोठे संपला आणि निळा कोठे लागला हे कळत नाही. घरातील ज्या वडीलधाऱ्या माणसास विज्ञानाचा गंध नाही त्याच्यापुढे बसून विद्यार्थ्याने रोज एक पद्धत समजावून सांगावी. डाळ का शिजत नाही हे आजीस पटेल असे सांगता आले, तर परीक्षकास सांगणे सोपे आहे.

ह्या विद्येचा घराशी काय संबंध, अशी शंका कोणास उरली असेल तर त्यांनी कमलाबाई सोहोनी ह्यांचे चरित्र आठवावे. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेने केवळ स्त्री म्हणून त्यांस प्रथम प्रवेश नाकारला. आग्रह धरल्यावर तो अटींवर मिळाला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळविली, नीरेतील पोषकद्रव्यांवर संशोधन केले, मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले. पुढे १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढिली, तिच्या कार्यात त्या उत्साहाने शिरल्या, तिच्या अध्यक्षाही झाल्या, आणि ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहीत राहिल्या. एवढी मोठी विदुषी अखेर सामान्य गृहिणीच्या पिशवीतील मालाची काळजी वाहू लागली, ह्यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. पदार्थात खरोखर काय आहे, हे जाणण्याची ज्यास सवय लागली त्याची दृष्टी प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबत नाही.

परीक्षेस बसणाऱ्या आमच्या सर्व मुलामुलींस यश चिंतितो. उत्तरपत्रिकेत ३०.४ दिसले असेल तर त्यांनी ३०.४ च लिहावे, आणि त्यामुळे चार गुण कमी पडले तर घरच्यांनी त्यांची पाठ थोपटावी.