रविवारची सुट्टी नसणाऱ्यांसाठी घरे उघडा

रायपूरजवळच्या उरला, बिरगाव, सिलतरा आणि भनपुरी परिसरात राहणाऱ्या सर्व मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी हे पत्र आहे.

उरल्यातली भट्टी रविवारी थंड होत नाही. रोलिंग मिल असो की स्पंज आयर्नचा कारखाना, काम आठवडाभर चालते आणि सुट्टी ज्याच्या वाट्याला जो वार येईल त्या वारी मिळते. आपल्यापैकी कुणी नागपूरहून इथे आले, कुणी यवतमाळ-अचलपूरकडून, कुणी थेट नगर-जालन्याहून. गावाकडे रविवार म्हणजे चर्च हे ठरलेले होते. इथे शहरातल्या चर्चमध्ये उपासना सुरू होते तेव्हा रात्रपाळीवाला नुकता अंग धुऊन आडवा झालेला असतो आणि दिवसपाळीवाला गेटच्या आत गेलेला असतो. घरची बाई मुलांना ऑटोत बसवून उपासनेला नेते, तो मागे राहतो. असे महिने जातात, मग वर्ष जाते. मग मंडळीत कुणीतरी सहज बोलून जाते की अमका आता विश्वासात थंड पडला.

हे बोलणे आपण बंद केले पाहिजे. तो चर्चपर्यंत पोहोचू शकत नसेल तर वचन त्याच्यापर्यंत नेणे हे मंडळीचे काम आहे. त्यासाठीच हे आवाहन आहे: आठवड्यातून एक तास, पाळी सांभाळून, आपापल्या घरात पवित्र शास्त्राचे वाचन सुरू करा.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात त्रोवस इथल्या सभेची हकिकत आहे. आठवड्याचा पहिला दिवस त्या काळी कामाचाच दिवस होता. भाकर मोडायला लोक रात्री जमले आणि पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत चालले. युतुख नावाच्या तरुणाला खिडकीत बसल्या बसल्या गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. ही गोष्ट प्रवचनात झोपणाऱ्यांना तंबी म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. पण अध्याय नीट वाचा. पौल त्याला रागवत नाही. तो भाषण थांबवून खाली उतरतो, त्या मुलाला मिठीत घेतो आणि भोवतीच्या लोकांना धीर देतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाची झोप तिथे कुणीही त्याच्या अविश्वासाच्या खात्यात मांडलेली नाही. रात्रपाळी करून, डोळे चुरचुरत असतानाही मागच्या बाकावर येऊन बसणारी मुले आपल्याकडेही आहेत. त्यांच्याकडे याच नजरेने पाहा.

त्याच पुस्तकात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला भेटतात. हे यहूदी जोडपे रोममध्ये राहत होते. सम्राट क्लौद्याच्या हुकुमाने त्यांना तिथून निघावे लागले. ते करिंथला आले, तंबू करण्याच्या धंद्याला लागले आणि पौलही त्यांच्याच घरी राहून तोच धंदा करू लागला. पुढे पौल आपल्या पत्रात त्यांना नावाने आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही सलाम पाठवतो. परगावी पोट भरायला आलेली, हाताने काम करणारी ही माणसे होती. पहिल्या पिढीतल्या मंडळ्या अशाच घरांतून वाढल्या. आपल्या दोन खोल्या लहान आहेत, खाट काढल्याशिवाय चटई पसरता येत नाही, ही अडचण मला माहीत आहे. खाट काढा.

काय वाचावे असे पुष्कळ जण विचारतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे 5 ते 7 हे अध्याय घ्या, म्हणजे डोंगरावरचे प्रवचन. मी हेच सुचवतो याला आपल्या भागातले कारण आहे. कवी नारायण वामन टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एका परक्या प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि मग त्यांना पुस्तक बाजूला ठेवता येईना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोच रेल्वेमार्ग आजही राजनांदगाव, दुर्ग, रायपूर करत आपल्या उरकुऱ्यावरून पुढे जातो. उपासनासंगीतातली टिळकांची गीते आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो. पण ज्या अध्यायांनी त्या माणसाला हलवले ते तीन अध्याय आपल्या मुलांपैकी किती जणांनी सलग वाचले आहेत?

तिन्ही अध्याय मिळून 111च वचने आहेत. मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पहिल्या दिवशी सगळे एका बैठकीत वाचा, पुढच्या आठवड्यांत थोडे थोडे घ्या. मुलांचे शिक्षण हिंदीत होते, म्हणून त्यांना मराठी वाचताना अडखळायला होते. अडखळू द्या, आजीला शेजारी बसवा. घरात सून छत्तीसगढी बोलणारी असेल तर तिच्यासाठी तेच हिंदीतून पुन्हा वाचा. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल आणण्यात घालवली आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी त्याचे छपाईचे काम केले. शास्त्र पाळकांनीच उघडावे अशी आपली परंपरा कधीच नव्हती.

आता जे सांगणे अवघड आहे ते. डोंगरावरचे हे प्रवचन वाचायला सोपे आहे, पण ते अंगाला लागते. वेदीजवळ अर्पण आणले आणि भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जा, असे येशू सांगतो. आपल्यातले काही जण सुपरवायझर आहेत, काहींनी मजूर पुरवण्याचे लहान-मोठे ठेके घेतले आहेत. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला आहे, हा जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायातला नियम आहे. अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे याकोब आपल्या पत्रात लिहितो. म्हणून महिनाअखेरीला ज्याचे पैसे थकले आहेत, ज्याची हजेरी कापली आहे, ज्याचा पीएफ कापला पण भरला नाही, त्याचा हिशेब आधी चुकता करा आणि मग प्रार्थनेला बसा. भट्टीजवळ हातमोजे आणि बूट नसताना पोराला उभे करणाऱ्याने संध्याकाळी प्रभूचे नाव घेणे मला सहन होत नाही, आणि मंडळीनेही ते सहन करू नये.

घरात प्रार्थना म्हटली की काहींना भीती वाटते. छत्तीसगडमध्ये घरगुती प्रार्थनासभांवरून ठिकठिकाणी वाद झाले आहेत, तेव्हा ही भीती खोटी नाही. म्हणून सगळे उघडपणे करा. हे वाचन आपल्याच कुटुंबांसाठी आहे, हे शेजाऱ्यांना आधीच सांगा. दार उघडे ठेवा, लाउडस्पीकर लावू नका, कुणाच्या देवाविषयी वावगा शब्द काढू नका, पैसे किंवा वस्तू वाटू नका. बळजबरी, लालूच आणि फसवणुकीने धर्मांतर करण्याला इथे 1968 पासून कायद्याने बंदी आहे आणि ख्रिस्ताच्या शिकवणीतही तसल्या मार्गाला जागा नाही. आपला धर्म पाळण्याचा हक्क घटनेच्या कलम 25 ने आपल्याला दिला आहे. तो नम्रपणे वापरा, पण वापरा. शेजारी आजारी असेल तर त्याला दवाखान्यात नेताना तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारू नका.

येत्या 10 फेब्रुवारीला, टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, सुरुवात करू या. रात्रपाळीवाल्यांची झोप मोडू नये म्हणून त्यांच्या घरी वाचन संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी ठेवा. दिवसपाळीवाल्यांच्या घरी रात्री जेवणाआधी. ज्यांना आपले घर देता येईल त्यांनी त्याआधीच्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात थांबून नाव, गल्ली आणि घरातल्यांच्या पाळ्या लिहून द्याव्यात. ज्यांच्याकडे मराठी नवा करार नाही त्यांनीही तिथेच सांगावे, जास्तीच्या प्रती असलेल्यांनी त्या घेऊन याव्यात. एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या तरुण कामगारांची नावे आधी लिहा. त्यांना त्या दिवशी जेवायलाही बोलवा.

आपला, ख्रिस्ताठायी,
उरला-बिरगाव परिसरातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या वतीने