ब्रेक ऑइलला किलोमीटर कळत नाहीत

सोलापुरात गाडी सर्व्हिसिंगला टाकताना मालक इंजिन ऑइलबद्दल खोदून खोदून विचारतो. कुठल्या कंपनीचे, कुठल्या ग्रेडचे, फिल्टर बदलला की नाही. ब्रेक ऑइलची चौकशी मात्र ‘लेव्हल बघून घ्या’ एवढ्यावर मिटते. जगभरातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारा कारखाना ज्या गावात आहे, तिथली ही गत! यामागे एक हिशेब आहे आणि वरवर तो बिनतोडही वाटतो. गाडी चालते कुठे? रोजचे बाजार-ऑफिस, गुरुवारी अक्कलकोट, कधीतरी पंढरपूर. मीटर फारसा हललेलाच नाही, मग ऑइल बदलायचे कशाला? इंजिन ऑइलला हा हिशेब बऱ्याच अंशी लागू पडतो. ब्रेक ऑइलला अजिबात पडत नाही. ते चालून खराब होत नाही, वयाने होते. म्हणून ते तारीख पाहून बदलावे, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाने तर अधिक कटाक्षाने.

आपल्या गाड्यांतले ब्रेक ऑइल ग्लायकोल जातीच्या रसायनांचे असते आणि ते हवेतली वाफ शोषून घेते. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी वाट असते, चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांतूनही ओल हळूहळू आत झिरपते, आणि हे सगळे गाडी दारात उभी असतानाही चालूच असते. पाणी वाढले की उकळण्याचे तापमान घसरते. डॉट ३ ग्रेडचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे मानक सांगते. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे शंभर थेंबांत चार थेंबही पाणी नाही, तरी पाऊणशे अंशांचा फरक पडतो. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल थेट खाली बसते.

सपाट सोलापुरात ही वेळ येत नाही, हे कबूल. नेमकी तिथेच फसगत होते. शहराच्या दाराशी असलेला रत्नागिरी–नागपूर महामार्ग एका बाजूला तुळजापूरचा घाट चढतो आणि दुसऱ्या बाजूला सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटातून साखरप्याला उतरतो. सुट्टी लागली की हीच ‘कमी चाललेली’ गाडी पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघते. माणसांसकट १४०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती वीस लिटरहून जास्त पाणी उकळायला पुरेल. काही वाटा हवा उचलते, खालच्या गिअरमध्ये असाल तर बराचसा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत उतरणाऱ्यांचा जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो, आणि अशी मंडळी कमी नाहीत. त्यातही धोक्याचा क्षण उतारावरच येतो असे नाही. घाट संपल्यावर चहाला गाडी थांबते, चाकांना लागणारा वारा बंद होतो आणि तापलेल्या डिस्कची, पॅडची धग मागच्या पिस्टनमधल्या ऑइलपर्यंत पोचते. चहा पिऊन निघाल्यावर पेडल पोकळ लागते ते यामुळे.

यावर पहिला आक्षेप हवेचा. सोलापूर कोरडे, मग ओल येणार कुठून? आक्षेपात तथ्य आहे. चिपळूणच्या गाडीपेक्षा इथल्या गाडीचे ऑइल सावकाश बिघडणार. पण सावकाश म्हणजे कधीच नाही, असे नव्हे. जून ते ऑक्टोबर इथलीही हवा दमट असते. उलट बाजूने, ‘आमच्या उन्हात ऑइल उकळते’ असे सांगून घाबरवणाऱ्यांचेही ऐकू नये. मे महिन्यातले ४३ अंश अंगाला भाजतात, पण घाटात डिस्क शेकडो अंशांवर जाते, तिथे दहा-पंधरा अंशांनी मोठासा फरक पडत नाही. दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा: फिएट, अ‍ॅम्बॅसेडर आयुष्यभर चालवल्या, ब्रेक ऑइल बदलल्याचे आठवत नाही. आठवणार नाहीच, कारण त्या गाड्यांचे व्हील सिलेंडर गळायचे, रबरी किट बदलायचे, हवा काढायची आणि दर वेळी नवे ऑइल भरायचे. न सांगता बदल होतच होता. आजची गाडी गळत नाही, म्हणून तेच ऑइल वर्षानुवर्षे आत राहते. शिवाय एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचे आहे. पाण्याने आतून गंज धरला तर त्यातल्या बारीक व्हॉल्व्हचे नुकसान होते, आणि तो भाग बदलण्याचा खर्च ऑइलच्या कित्येक पट असतो. राहिला ‘गॅरेजवाल्यांचा बिल वाढवायचा धंदा’ हा संशय. त्यासाठी गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडावी. बहुतेक कंपन्या दोन वर्षे, काही तीन वर्षे लिहितात, आणि जिथे किलोमीटरही दिले असतील तिथे जे आधी भरेल ते.

निवडीत फार डोके लावायची गरज नाही. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते छापलेले असते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते. डॉट ४ च्या जागी डॉट ३ भरू नये. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते या दोघांत मिसळत नाही, त्याला हात लावू नये. डॉट ५.१ हे नावाने त्याचे भावंड वाटले तरी ग्लायकोलचेच आहे. नामकरण करणाऱ्याने ग्राहकाचा विचार केलेला दिसत नाही. आणि इंजिनचे किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल या टाकीत चुकूनही जाता कामा नये; त्याने ब्रेकमधले रबर फुगते आणि सगळी यंत्रणा बदलायची पाळी येते. लेव्हल उतरत असेल तर टॉप-अप करण्याआधी पॅड झिजले की कुठे गळतेय हे पाहावे.

बदलण्याच्या नावाखाली पुष्कळदा वरच्या टाकीतले काळे ऑइल सिरिंजने ओढून नवे भरतात. टाकी छान दिसते, पण चाकापाशी, जिथे धग लागते, तिथे जुनेच राहते. खरे काम दोन माणसांचे. एकाने आत बसून पेडल मारायचे आणि दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचा निपल पान्याने सैल करायचा. पारदर्शक नळीतून काळपट ऑइल बाटलीत येते, निपल आवळला की मगच ‘सोड’ म्हणायचे. आधी पाय उचलला तर हवा आत ओढली जाते. चारही चाकांना हे करायचे, तेही नळीत स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत, आणि वरची टाकी मध्येच रिकामी होऊ न देता. काही गाड्यांत एबीएससाठी स्कॅनर जोडावा लागतो. ऑइल रंगावर सांडले तर रंग उचलते, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. उरलेली बाटली ‘पुढच्या वेळी’ म्हणून घरी आणण्यात अर्थ नाही, कारण सील फोडल्यापासून तीही ओल घ्यायला लागलेली असते. पुढच्या वेळी नवी बाटली आपल्यासमोर फोडायला सांगावी आणि बिलावर तारीख ठळक लिहून घ्यावी.