बुचाची मूठ

श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कितीतरी घरांत दाराआड एक रॉड उभा असतो. कुवेतहून, दोह्याहून नाहीतर मस्कतहून मुलाने अब्बांसाठी आणलेला. काळी चकचकीत नळी, उत्तम रीळ आणि त्यावर दोन वर्षांची धूळ. आणला त्या आठवड्यात अब्बा तो घेऊन असरनंतर जीवना बंदरावर गेले, चार दिवस गेले, मग थांबले. विचारले की म्हणतात, "आता पूर्वीसारखी हौस राहिली नाही रे." आमचा या उत्तरावर विश्वास नाही. ज्यांनी लहानपणी बांबूच्या काठीला तंगूस बांधून खाडीत गरी टाकली, भरती-ओहोटीची वेळ ज्यांना आजही कॅलेंडर न पाहता सांगता येते, त्यांची हौस साठीला आल्यावर अशी एकाएकी कुठे जाईल? बोटे नीट मिटत नाहीत, हे मुलाला सांगायला जड जाते एवढेच.

कारखान्यातला रॉड सगळ्यांसाठी एकाच मापाचा निघतो. हल्ली तर मूठ बारीक ठेवण्याची फॅशन आहे. पंचविशीतल्या हाताला ती चालते. सांधे धरलेल्या हाताला मात्र बारीक वस्तू पकडायला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून तर बोटे दुखणाऱ्या दादीच्या चमच्याला कापड गुंडाळून तो जाड करून देतात. रॉडचेही तेच. त्यात शेखाडी-आरावीकडच्या कातळावर पाणी, शेवाळ आणि मासळीचा बुळबुळीतपणा. हातातून रॉड निसटला की माणूस न कळत त्याच्यामागे झेपावतो, आणि खाली लाट असते. मूठ हाताला बसणे ही केवळ चैनीची गोष्ट नाही.

म्हणून यावेळी रॉडची मूठ घरी कशी करावी ते पाहू. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, दर्यावर जाणे होत नाही, तेव्हा हे काम काढावे. मात्र चिकटवायला एखादा कोरडा दिवस निवडावा. जुन्या रॉडची मूठ कापून नवी बसवता येते, पण मूठ नेहमी टोकाकडून सरकवत आणावी लागते आणि वाटेत कड्या आडव्या येतात. त्या सोडवून पुन्हा बांधणे आले. पहिल्याच वेळी त्या फंदात पडू नये. कोरी नळी मागवावी, रीळ तेच वापरावे.

मुठीसाठी आम्ही बूच सुचवतो. चपलेच्या तळव्याला वापरतात तो फोम, म्हणजे ईव्हीए, स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि रॉड दगडावर आपटणाऱ्या पोराला तोच द्यावा. पण बूच ओल्या हातातही सहसा सटकत नाही, गार लागत नाही आणि वजनाला जवळजवळ काहीच नसते. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकातून जे कप्पे पाहून त्यांना 'सेल' हे नाव दिले, ते बुचाचेच. एका घन सेंटिमीटरात असे सुमारे चार कोटी बंद, हवा भरलेले कप्पे असतात आणि त्यांच्या भिंतींत पाणी अडवणारा मेणासारखा पदार्थ असतो.

हे बूच म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. सर्वांत जास्त पोर्तुगालमध्ये होते, त्यानंतर स्पेनमध्ये. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियातही त्याची जंगले आहेत. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन वेळची साल ओबडधोबड असते. तिसऱ्या वेळची चांगल्या कामाला येते. म्हणजे आपल्या हातातल्या चकतीमागे चाळीसेक वर्षे उभी आहेत, तेव्हा कानस जपून चालवावी. अरबीत बुचाला फिल्लीन म्हणतात. आखातात राहिलेल्यांच्या कानावरून हा शब्द गेला असेल. बुचाच्या तळव्याच्या पादत्राणाला स्पॅनिशमध्ये 'अल्कोर्के' म्हणत, तो शब्दही अंदलुसियाच्या अरबीतूनच आलेला. आपल्याकडे ज्याला बुचाचे झाड म्हणतात, लांब देठाच्या पांढऱ्या सुवासिक फुलांचे, ते मात्र वेगळे. त्याच्या सालीची हलकी बुचे पूर्वी करत, पण ती या कामाची नव्हे.

खरेदीआधी माप घ्यावे, आणि ते अब्बांच्या हाताचे घ्यावे. पाण्याच्या नळाचा अर्धा इंची तुकडा घ्या, त्याच्यावर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळत जा आणि प्रत्येक दोन वेढ्यांनंतर त्यांच्या हातात द्या. घाई करू नका, चहा ठेवा. एका क्षणी ते न सांगताच नळाचा तुकडा हवेत फिरवून बघतील, गरी फेकल्यासारखा. तिथे थांबा आणि दोऱ्याने घेर मोजा. घेर ९ सेंमी आला तर मुठीची जाडी सुमारे २९ मिमी, १० आला तर ३२, ११ आला तर ३५. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या चकतीचा व्यास सव्वा इंच, म्हणजे ३२ मिमीच्या आसपासच असतो आणि घासताना त्यातून थोडे जातेच. तेव्हा घेर १० किंवा जास्त आला तर मोठ्या व्यासाच्या चकत्या मागवाव्या लागतील. हे आधी कळलेले बरे.

त्यांचा हात कुठे बसतो तेही बघा. कुणी रिळाचा दांडा बोटांच्या मध्ये घेतो, कुणी सगळी बोटे त्याच्या पुढे ठेवतो. रिळाच्या मागची मूठ कोपरापर्यंत पोहोचेल एवढी असली की हाताला टेकू मिळतो. चकती अर्धा इंच जाड असते. मागे १० इंच आणि पुढे ४ इंच धरले तर २८ चकत्या झाल्या. दोन-तीन जास्त घ्याव्यात. सगळ्या चकत्या ताटात पसरून निवडाव्यात, जशा आपण डाळीतले खडे काढतो. कमी भोकांच्या चकत्या बोटे बसतात तिथे, बाकीच्या टोकाला.

मग ६ मिमीची आट्यांची सळई, दोन वॉशर, दोन नट. सळईला मेणबत्ती चोळून घ्यावी, नाहीतर चिकटलेली मूठ सळईवरच राहते. चकत्यांच्या तोंडांना अराल्डाइटचा पातळ हात द्यावा, मधल्या छिद्राच्या कडेला थोडी जागा कोरी सोडावी, एकेक चकती ओवत जावी आणि नट आवळावेत. बाहेर बारीक थेंब दिसले की पुरे. फार आवळले तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार घेऊ नये, संथ घ्यावा. इशानंतर चिकटवले तर दुसऱ्या दिवशी झोहरपर्यंत हात लावू नये.

घासायला सुताराचा लेथ मिळाला तर उत्तम. नसेल तर सळईचे टोक ड्रिलमध्ये धरून, दुसरे टोक कुणाला तरी टेकू देऊन पकडायला सांगून, फिरत्या मुठीवर पॉलिश पेपरची पट्टी धरावी. आधी ८० नंबर, मग १२०, २२०, शेवटी ४००. तोंडाला रुमाल बांधावा, आणि हे काम पडवीत करावे. भुकटी फार उडते. मधूनमधून थांबून अब्बांच्या हातात द्यावे. काढलेले बूच परत लावता येत नाही. बारीक भोके बुचाची भुकटी आणि गोंद कालवून बुजवायची पद्धत आहे. आम्हाला ती पसंत नाही: तो लेप बुचापेक्षा टणक असतो, मूठ वापरून झिजली की तेवढे ठिपके वर राहतात आणि बोटाला टोचतात.

आता खरे कसोटीचे काम, आतले छिद्र. नळी एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. छिद्रही तसेच उतरते हवे. गोल कानशीने, किंवा बारीक काठीवर ८० नंबरचा कागद गुंडाळून, मुठीच्या मागच्या तोंडातून घासावे. दहा हात चालवा, नळीवर सरकवून बघा, पुन्हा दहा हात. घाई इथेच होते. छिद्र एकीकडे झुकले तर मूठ नळीवर वाकडी बसते आणि बाहेरून कितीही घासले तरी सुधारत नाही. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने सुट्टीच्या तीस दिवसांतली तीन संध्याकाळची सत्रे यातच घालवली. अब्बा शेजारी बसून रागावत होते की, "दे इकडे, मी करतो." चौथ्या दिवशी त्यांनीच कानस घेतली. मूठ हलक्या दाबाने जागेवर गेली पाहिजे. जोर करावा लागला तर गोंद पुढे खरवडला जातो आणि एखादी चकती फाटू शकते.

नळी स्पिरिटने पुसा, गोंद लावा आणि टोकाकडून आधी मागची मूठ फिरवत-फिरवत खाली आणा. मग रिळाची जागा, म्हणजे रील सीट. तिचे छिद्र नळीहून मोठे असते, म्हणून खाली मास्किंग टेपचे दोन-तीन जाड पट्टे गुंडाळावेत आणि मधल्या फटी गोंदाने पूर्ण भराव्यात, नाहीतर मोठा मासा लागला की सीट फिरते. शेवटी पुढची मूठ. सांडलेला गोंद ओला असतानाच स्पिरिटच्या फडक्याने काढावा. कड्या बांधण्याचे पुढच्या अंकात पाहू. त्या कामाला मेहंदी काढणारा स्थिर हात लागतो आणि तो बहुतेक घरांत मुलींकडेच असतो.

दर्यावरून आल्यावर मूठ गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये, काळी पडते. हाताच्या घामाने रंग बदलतो, त्याची काळजी नको; अगदीच मळली तर ४०० नंबरचा कागद हलका फिरवावा. आणि उरलेल्या चकत्या फेकू नका. रिकाम्या गऱ्या त्यांत खुपसून ठेवल्या की घरातल्या लहानग्यांच्या पायाला लागत नाहीत.