मिटलेले पुस्तक

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात धावडा नावाचे गाव आहे. तेथील एका शाळेत मी सातवीच्या वर्गास मराठी शिकवीत असे. पोळा नुकताच होऊन गेला होता. शिवारात कपाशी वाढीस लागली होती आणि आमच्या वर्गात 'श्यामची आई' या पुस्तकाचे वाचन चालू होते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे.

वाचता वाचता एक प्रसंग आला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एका म्हाताऱ्या बाईची लाकडांची मोळी रस्त्यात पडली आहे. अंगात त्राण नसल्याने तिला ती उचलवत नाही, आणि शिवाशिवीच्या भीतीने कोणी तिच्या मदतीस जात नाही. श्याम हे आईच्या कानी घालतो. आई त्याला मोळी उचलून देण्यास पाठविते. मात्र घरी आल्यावर आंघोळ करावयासही सांगते.

मी येथवर वाचले, तोच पुस्तक मिटल्याचा आवाज आला. तिसऱ्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "बाई, श्यामची आई एवढी चांगली, मग आंघोळ कशाला? माझी आजीसुद्धा मोळ्या वाहायची. मला हे पुस्तक वाचायचे नाही."

वर्ग चिडीचूप झाला. एक मुलगा म्हणाला, "बाई, ही पाने सोडून द्या." दुसरा म्हणाला, "ती जुन्या काळची गोष्ट आहे. त्यात रागावण्यासारखे काय आहे?" सगळ्यांच्या नजरा त्या मुलीकडे वळल्या. मी घाईघाईने पुढचे पान उलटले. ते माझे चुकलेच. त्या दिवसानंतर मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. तो तुमच्यापुढे ठेवावा, म्हणून हा लेख लिहीत आहे.

पाने सोडून द्यावीत, हे मला पटत नाही. पान सोडले, म्हणून त्या म्हातारीची मोळी उचलली जात नाही. आपल्या समाजात माणसाच्या स्पर्शाचा विटाळ मानीत असत, हे सत्य आहे. ते मुलांपासून लपविले, तर ज्यांनी ते सोसले त्यांचे दुःखच आपण नाकारल्यासारखे होईल.

परंतु 'जुनी गोष्ट आहे, त्यात काय?' हे म्हणणेही मला पटत नाही. एकाच वर्गात बसलेली मुले एकच पान वाचतात, तरी ते सर्वांना सारखेच लागत नाही. एकाला ती इतिहासातील हकीकत वाटते. दुसरीला ती स्वतःच्या आजीची गोष्ट असते. ज्याला काटा रुतलेला नाही, त्याने दुसऱ्याला 'दुखत नाही' असे सांगू नये. आणि जिचे मन दुखावले आहे, तिने उभे राहून साऱ्या वर्गाला आपल्या घरची कथा समजावून सांगितलीच पाहिजे, असा आग्रहही कोणी धरू नये.

मग श्यामच्या आईला वाईट म्हणावयाचे काय? तसेही नाही. ज्या काळी त्या बाईकडे कोणी फिरकत नव्हते, त्या काळी तिने आपल्या मुलाला तिच्याकडे पाठविले. ही तिची माया खरी आहे. परंतु त्या मायेला रूढीचे कुंपण होते, हेही तितकेच खरे आहे. चांगली माणसेसुद्धा आपल्या काळाच्या चुकीत अडकलेली असतात. एखाद्या माणसाविषयी मनात आदर बाळगून त्याची चूक ओळखता येते. त्या मुलीचा प्रश्न पुस्तकाचा अपमान नव्हता. पुस्तक मन लावून वाचल्याची ती खूण होती.

शिवाय, आईची आठवण सांगणारा मुलगा त्या आंघोळीपाशी थांबला नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्व हरिजनांना खुले व्हावे, म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले आणि ते मंदिर सर्वांना खुले झाले. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आईने अर्धी वाट चालून दाखविली; मुलाने त्यापुढची वाट धरली.

विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारावा, यात नवलही नाही. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. सुमारे चौदा वर्षांच्या या मुलीने मांग व महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. आपल्या लोकांनी सोसलेले हाल तिने त्यात निर्भीडपणे मांडले होते. त्या काळी तो निबंध वाचून कितीतरी जण अस्वस्थ झाले असतील. पण तो लिहिला गेला, हे चांगलेच झाले.

आठ दिवसांनी मी वर्गात पुन्हा तेच पान उघडले. आधी त्या मुलीला एकटीला भेटून विचारले, "वाचू का? तुला नको असेल, तर तू ग्रंथालयात बसलीस तरी चालेल." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "वाचा बाई. पण पान उलटायची घाई करू नका." त्या तासाला आम्ही एवढे एकच पान वाचले. मुलांनी पुष्कळ विचारले. कित्येक प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत. तिने पुस्तक मिटले नाही.

मुलांनो, वाचताना कधी मन दुखावले, तर पुस्तक खुशाल मिटा. थोडा वेळ जाऊ द्या. पण आपले दुःख मनात कोंडून ठेवू नका. आईवडिलांना, शिक्षकांना किंवा जिवलग मित्राला ते सांगा, आणि मग ते पान पुन्हा उघडा. तुमचे मन दुखावले नसेल, तर शेजारच्या बाकावरचा सोबती गप्प का झाला, हे तरी पाहा. आणि एक प्रश्न स्वतःस विचारा : पाणवठ्यावर, पंगतीत किंवा घराच्या उंबऱ्यापाशी ती आंघोळ दुसऱ्या एखाद्या रूपाने आपल्या गावात अजून उरली आहे काय?